तिसरा रकाना

डिसेंबरात ओउलूमध्ये सकाळ दहाला येते
आणि दोनला, काही न सांगता, निघून जाते.
मधल्या उजेडात आम्ही ओत्सोला खिडकीपाशी बसवायचो.
सहा वर्षांचा. नाकात नळी.
'गिळता येत नाही' असं फाइलमध्ये सात ठिकाणी लिहिलेलं.
सातही ठिकाणी सांगणारं तोंड एकच.

साइया आली की वॉर्ड उजळायचा,
हे मी लपवणार नाही.
वेलदोड्याचे पाव आणायची, कापडात गुंडाळून, गरम.
माझ्या गुडघ्याची चौकशी करायची.
औषधांची नावं आमच्या नव्या डॉक्टरपेक्षा स्वच्छ उच्चारायची.
"रात्री तीनला झटका आला, अडीच मिनिटं," म्हणाली एकदा.
तीनला मी तिथेच होते.
माझी नोंद : शांत झोप.
आणि मला संशय आला तो माझाच.
डुलकी लागली असेल.
आईपेक्षा जास्त कोणाला कळतं?
हे वाक्य आम्ही औषधासारखं देत आलो होतो सगळ्यांना,
त्याच्यावरची मुदत न वाचता.

मग ती हिमवादळात केमीला अडकली, आणि
रात्री दोनला मी चहाबरोबर कडक पाव मोडला.
कडाड आवाज झाला.
पलंगावरून तो म्हणाला, "मला पण."
"तुला गिळता येत नाही ना, राजा?"
त्याने दाराकडे पाहिलं.
"आई नाहीये आता."

मी दिला नाही. नियम आहे.
फोन केला. डॉक्टर हिएताला आल्या, स्वेटर उलटा घातलेला,
त्याच्या शेजारी बसल्या, गळ्यावर दोन बोटं ठेवून,
आणि तो खात गेला. एक. दोन.
मग विचारलं, लोणी नाही का?

पहाटे त्यांनी चौकटीच्या कागदावर तीन रकाने आखले.
काय सांगितलं गेलं.
आम्ही काय पाहिलं.
तेव्हा खोलीत कोण होतं.
तिसरा रकाना भरताना पेन सारखं थांबायचं,
नाव एकच होतं म्हणून नाही,
ते नाव मला आवडायचं म्हणून.

तीन गावांतल्या तीन फायली मागवल्या.
तीन वेगळी मुलं वाटावीत इतक्या वेगळ्या.
तोवर कोणी काही बोलायचं नाही, असं ठरलं,
लिफ्टमध्येसुद्धा नाही. मूल सुरक्षित होईपर्यंत
तिला कळता कामा नये.
म्हणजे पाव घ्यायचे, आणि थँक्यू म्हणायचं.
मी नऊ दिवस थँक्यू म्हटलं.

दहाव्या दिवशी बालसंरक्षणाच्या रित्वाने दार लावून घेतलं.
साइया ओरडली नाही, रडली नाही.
भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाली,
"दोन वाजले. त्याची नळीची वेळ झाली."
खोटं बोलत होती का तेव्हा?
मला अजून ठरवता येत नाही.

लोक तिच्याबद्दल विचारतात. मी आमच्याबद्दल सांगते.
पाठीच्या कण्यातून पाणी काढलं, दोनदा.
भूल दिली तीनदा.
एकदाही सुई तिच्या हातात नव्हती.
सुई आमची होती. त्याचा हात धरणारा हात
माझा होता, आणि "झालं हं, झालं" म्हणणारा आवाजही.

आता तो हापायार्वीला एका घरात राहतो, तळ्याकाठी.
नळी नाही. वजन चार किलोंनी वाढलंय.
सांभाळणारी बाई सांगते, सुरुवातीला रोज उठून विचारायचा,
"आज मला काय होतंय?"
काही नाही, म्हटलं की घाबरायचा.

मे महिन्यात सायकलवरून पडला.
गुडघा फुटला, खडी आत रुतलेली,
खरं, लाल, त्याचं स्वतःचं रक्त.
मोजा ओढून त्याने ते झाकून ठेवलं.
दोन दिवस कोणाला सांगितलं नाही.